डाव्या सीटवरची मांडी

त्यांच्याबद्दलची माझी पहिली नोंद त्यांच्या पायांची आहे. जानेवारीतली सकाळ, सात वीस. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पांढऱ्या गाडीत ते शिकवणाऱ्याच्या जागी, म्हणजे डाव्या सीटवर बसले, चपला काढून मागच्या सीटवर टाकल्या आणि मांडी घातली. शिकणारी मुलगी पहिल्याच दिवसाची होती. तिने स्टीअरिंग धरलं होतं आणि ती त्यांच्या मांडीकडे बघत होती. मीही ऑफिसच्या दारातून तेच बघत होते.

शिकाऊ गाडी आतून न पाहिलेल्यांसाठी सांगते. तिला डाव्या बाजूलाही एक ब्रेक आणि एक क्लच असतो. शिकणारा गडबडला की शिकवणारा आपल्या बाजूचा ब्रेक दाबतो आणि गाडी थांबते. आमचा सगळा धंदा त्या दोन पेडलांवर चालतो. आणि या गृहस्थांनी त्यांच्यावरून पायच उचलून घेतले होते.

मी बाहेर जाऊन म्हटलं, "मास्तर, पाय खाली."

ते धुळ्याचे. जन्मभर अहिराणी बोलत आलेले आणि ती बदलायची गरज न वाटलेले. म्हणाले, "ब्रेक मना पायमा नई, ताई. तिना पायमा शे." आणि मुलीला म्हणाले, "चाल, माय. घाई कसानी शे?"

गाडी तीन वेळा बंद पडली आणि चौथ्यांदा फाटकाबाहेर गेली. मी वहीचं नवं पान काढलं.

पायांचं मला एवढं का लागलं, ते सांगायला हवं. शाळा माझ्या वडिलांची, आबांची. जळगावात त्यांनी ती काढली तेव्हा मी सहावीत होते. एकोणिसाव्या वर्षी मी त्यांच्याकडूनच गाडी शिकले. वळण आलं की त्यांचा ब्रेक, म्हैस दिसली की त्यांचा ब्रेक, मी आधीच दाबलेला असला तरी त्यावर त्यांचा आणखी एक. मास्तर आले त्या वर्षी मी शेहेचाळीस पूर्ण केली होती. शिकवण्याचा परवाना माझ्याकडे होता. अकरा वर्षं ऑफिस आणि बायकांची सकाळची बॅच मी सांभाळत होते. तरी आबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं तर ते शाळेचीच गाडी काढायला लावत. माझ्या गाडीला डाव्या बाजूला पेडल नाही, हे त्याचं कारण. ते मला कधी सांगितलं गेलं नाही, पण मला ठाऊक होतं.

आणि हा माणूस त्यांना सापडला कसा, तर धुळ्याच्या एका लग्नाहून परत येताना त्यांची बस बंद पडली आणि यांनी ट्रकमध्ये जागा दिली. ट्रक चाळीसच्या वर गेला नाही. बस दोन तासांत येते तिथे आबा साडेतीन तासांनी घरी आले आणि खुशीत होते. जेवताना म्हणाले, "आज डाव्या सीटवर मला झोप लागली." पस्तीस वर्षांत डाव्या सीटवर आबांची पापणी लवलेली कुणी पाहिली नव्हती. पंधरा दिवसांनी ट्रकवाला आमच्या आवारातल्या मागच्या खोलीत राहायला आला. सामान म्हणजे एक वळकटी, एक स्टोव्ह आणि कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेला शाळेचा नकाशासंग्रह.

त्या नकाशांवर त्यांचं वर्ष चालायचं.

जगभरच्या मोटार शर्यतींचं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ होतं. जानेवारीत सौदीच्या वाळवंटातली रॅली, मग मोनॅकोच्या मागच्या डोंगरातली बर्फातली. मार्चमध्ये ऑस्ट्रेलिया, मग जपान. उन्हाळ्यात मोनॅकोच्या गल्ल्या, जूनमध्ये फ्रान्समधली चोवीस तासांची, ऑगस्टमध्ये सुट्टी, सप्टेंबरात इटली, नोव्हेंबरात मकाव आणि डिसेंबरात अबूधाबीला शेवट. आमच्याकडे लोक सण, लग्नसराई आणि केळीच्या कापणीवरून महिने ओळखतात. हे विचारायचे, "आते आपण जपानमा का इटलीमा?" आणि महिनाभरात शिकणाऱ्यांतला कुणीतरी बरोबर उत्तर द्यायला लागायचा.

यात सगळ्यात विचित्र गोष्ट अशी की, त्यांनी आयुष्यात एकच शर्यत पाहिली होती आणि तीही अर्धी. गुजरातच्या हद्दीवरच्या एका ढाब्यावर, आवाज बंद केलेल्या टीव्हीवर. तिथे धो धो पाऊस पडत होता, म्हणून पुढे एक सरकारी वाटावी अशी गाडी घालून सगळ्या शर्यतीच्या गाड्या तिच्यामागे हळूहळू रांगेने नेत होते. मास्तरांची जेवणाची वेळ संपेपर्यंत तेच चाललं होतं. जगातली सगळ्यात वेगवान वीस माणसं, आणि एकही दुसऱ्याच्या पुढे जात नाही. यांना वाटलं, शर्यत म्हणजे हीच. पुढे कुणीतरी खरं काय ते सांगितलं, तरी त्यांचं मत बदललं नाही. जोरात तर कुणीही नेतो, असं ते म्हणायचे. थांबून राहता येतं त्याची गाडी. निकाल सोमवारच्या पेपरात, खेळाच्या पानाच्या तळाशी दोन ओळींत यायचा. तो चहाच्या वेळी वाचायचे, कोण जिंकलं ते लगेच विसरायचे आणि नकाशात पुढचा देश शोधायचे.

हे सगळं त्यांच्या खोलीत चाललं असतं तर माझी काही हरकत नव्हती. पण ते त्या वर्षावरून गाडी शिकवायचे.

माझं एकवीस दिवसांचं कार्ड होतं. छापलेलं, वर प्लॅस्टिक. पहिला दिवस सीट, आरसे, क्लच; नववा चढ; पंधरावा रिव्हर्स; एकविसावा सराव परीक्षा. प्रत्येक दिवसासमोर सहीची जागा. मास्तरांनी ते कार्ड आदराने हातात घेतलं, खिशात ठेवलं आणि पहिल्या दिवसाच्या पोरीला गिरणेच्या पात्रात वाळूत नेलं, कारण जानेवारी होता आणि सौदी चालू होतं. मी म्हटलं, आधी क्लच तरी कळू द्या. ते म्हणाले, "क्लच वाळूच शिकाडस, ताई. मी नई." गाडी परत आली तेव्हा दारांच्या फटींतून वाळू गळत होती आणि मुलगी कुणाच्या पाठीमागून पाऊल न वाजवता चालावं तसा क्लच सोडत होती. मी फक्त वाळूची नोंद केली.

एप्रिलमध्ये जपान. तिथला रस्ता आठच्या आकाराचा आहे म्हणे, एक फेरा दुसऱ्याच्या डोक्यावरून पुलाने जातो. त्यामुळे महिनाभर सगळ्यांना आठच्या आकड्यात फिरवलं. हा आकडा मोटारीच्या परीक्षेत लागत नाही, दुचाकीच्या लागतो, हे मी लेखी कळवलं. त्यांनी कागद घडी करून कार्ड होतं त्याच खिशात ठेवला.

मोनॅकोसाठी ते चौघांना घेऊन धुळ्याला गेले. मला न सांगता, आबांना सांगून. धुळ्यातल्या गल्ल्या नंबरच्या आणि सरळ आहेत, पण बाजाराच्या दिवशी एकेका गल्लीत हातगाडी, सायकल, वाळत घातलेले पापड आणि उंबऱ्यावर गप्पा मारणाऱ्या बाया असतात. त्यात तीन तास गाडी फिरवली. नियम एकच, हॉर्न नाही. माणूस तुमच्याकडे बघेपर्यंत थांबायचं. संध्याकाळी पाचही जण हसत परत आले. त्यातल्या एकाने मला सांगितलं की चौथ्या गल्लीतल्या एका आजीबाईंनी तिसऱ्या फेरीला गाडी थांबवून सगळ्यांना पाणी दिलं आणि विचारलं, पत्ता सापडत नाही का? माझ्यासाठी जिलेबी आणली होती. मी ती टेबलावर तशीच ठेवली आणि सगळे गेल्यावर खाल्ली.

मत्सर हा शब्द मी तेव्हा वापरत नव्हते. मी शिस्त म्हणत होते. पण मेपर्यंत माझ्या बायकांच्या बॅचमधल्या सात जणींपैकी चौघी त्यांच्याकडे गेल्या होत्या. आणि संध्याकाळी आबा, जे माझ्या ऑफिसात फक्त सही करायला येत, ते मागच्या खोलीसमोर खाटेवर नकाशा मांडीत घेऊन बसलेले असत. मी चहा नेला की दोघं बोलायचे थांबत नसत. तेच मला बोचायचं. थांबले असते तर चाललं असतं.

त्यात एक धास्ती होती. आबांनी वर्षाच्या सुरुवातीलाच म्हटलं होतं की आता आपल्याच्याने होत नाही, दिवाळीनंतर शाळा कुणाच्या तरी नावावर करून मोकळा होणार. 'कुणाच्या तरी' असं म्हटलं होतं. जानेवारीत मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा मी एकटीच होते.

सावद्याच्या अक्कांची गोष्ट त्याच सुमाराची. वय अठ्ठावन्न, घरचा केळीचा व्यापार, दारात गाडी. पण ड्रायव्हर मळ्यात न्यायला रोज अर्धा तास वाट बघायला लावतो, म्हणून स्वतः शिकायचं ठरवलेलं. बसने जळगावला यायच्या. माझ्या हाताखाली एकवीसच्या एकवीस सह्या झाल्या, मग आणखी एकवीस. परीक्षेत तीनदा नापास. गाडी उत्तम चालवायच्या, म्हणजे माझ्या शेजारी. परीक्षेत शेजारी कुणी ब्रेक दाबायला नसला की दोन्ही पाय एकदम खाली. तिसऱ्यांदा नापास झाल्यावर त्या ऑफिसात आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुमचा पाय फार चांगला आहे. पण तो काही सावद्याला येणार नाही."

आणि मास्तरांकडे गेल्या.

जूनमध्ये फ्रान्स होतं. तिकडे एकच गाडी चोवीस तास पळते आणि तिघे आळीपाळीने चालवतात. मास्तरांनी चोवीसचे बारा केले. अक्का आणि आणखी तिघे, भुसावळ, सावदा, यावल करून तापीच्या पुलावरून परत, दोन फेऱ्या. चालवणाऱ्याने उतरताना पुढच्याला गाडी सोपवायची आणि सोपवताना मिनिटभरात सांगायचं की गाडी कशी आहे आणि रस्त्यात काय आहे. क्लच वर धरतोय, डावा आरसा हलतोय, यावलच्या पुढे केळीचे ट्रक भरताहेत, तिथे माणसं मागे न बघता रस्ता ओलांडतात. मास्तर स्वतः काही बोलायचे नाहीत. सावद्यात अक्कांनी आपल्या दारासमोरून गाडी नेली, तेव्हा त्यांचा ड्रायव्हर ओट्यावर पेपर वाचत होता म्हणे. त्याने पेपर खाली केला नाही. अक्का पुढच्या वळणावर म्हणाल्या, "उद्या बघते याच्याकडे."

पण खरी कमाल ऑगस्टची. त्या मोठ्या शर्यतवाल्यांना ऑगस्टमध्ये सुट्टी असते, गाड्या बनवणारे कारखानेसुद्धा बंद ठेवावे लागतात, तसा नियमच आहे. मग मास्तरांनीही दोन आठवडे इंजिन बंद ठेवलं. पैसे भरलेली माणसं आवारात कडुलिंबाखाली उभ्या गाडीत बसायची, डोळे मिटायची आणि शाळेपासून परीक्षेच्या मैदानापर्यंतचा रस्ता तोंडाने चालवायची. पहिला गिअर, डावीकडे बघितलं, रिक्षा आहे, थांबले. दुसरा गिअर. मी ऑफिसच्या खिडकीतून ऐकत होते. अक्का निम्म्या रस्त्यावर आल्या आणि म्हणाल्या, थांबले.

मास्तरांनी विचारलं, "का वं?"

"फाटक पडलं."

मास्तरांनी डोळे उघडले नाहीत. अक्कांनीही उघडले नाहीत. दोघं गप्प बसून राहिले. मी घड्याळ बघितलं. चार मिनिटांनी अक्का म्हणाल्या, "मालगाडी होती," आणि पहिला गिअर टाकला.

वहीत मी लिहिलं: चार मिनिटं वाया, इंजिन बंद, फाटक काल्पनिक. लिहिताना मला हसू आलं होतं, ते लिहिलं नाही.

सप्टेंबरात अक्का पास झाल्या. पेढे घेऊन आल्या त्या आधी आबांच्या पाया पडल्या, मग मास्तरांना पेढा दिला, मग मला. तो क्रमही माझ्या वहीत आहे.

दसऱ्यापर्यंत एकोणतीस नोंदी झाल्या होत्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी त्या टाइप केल्या, महिन्याप्रमाणे लावल्या, वर 'शाळेच्या शिस्तीबाबत' असं लिहिलं आणि आबांना दिल्या. त्यात मी खोटं काही लिहिलं नव्हतं. काय केलं, कसं केलं, किती वेळ गेला, शिकणारा काय म्हणाला, आणि माझ्या कार्डात त्या दिवशी काय अपेक्षित होतं. माझा हिशेब साधा होता. दसऱ्याला आमच्याकडे गाड्या धुतात, झेंडूचे हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि पूजा झाल्यावर आबा गाडीची पहिली फेरी काढतात, आवारातून निघून चौकापर्यंत आणि परत. त्या वर्षी डॉक्टरांनी त्यांचं चालवणं बंद केलं होतं. म्हणजे पहिल्या फेरीची किल्ली ते दुसऱ्या कुणाला तरी देणार होते. ज्याच्या हातात ती जाईल त्याच्याच नावावर शाळा, हे न बोलता सगळ्यांना कळणार होतं.

दसऱ्याला सकाळी त्यांनी मला बोलावलं. कागद त्यांच्या मांडीवर होते, भिंग हातात. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ते इतकं कधी वाचत नसत.

"हे कुणासाठी लिहिलंस?"

"तुमच्यासाठी, आबा."

"छापून घे. येईल त्याला एक दे." त्यांनी पान उलटलं. ते ऑगस्टचं पान होतं. "अकरा वर्षं तू वेळापत्रकं लिहिलीस, माय. गाडी कशी शिकवायची हे पहिल्यांदा लिहिलंस."

मी बरं म्हटलं. ती तक्रार होती हे त्यांना कळलं नाही, की कळूनच ते असं बोलले, याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. वर्षभर मी एकच गोष्ट मन लावून केली होती, आणि तीसुद्धा त्या माणसाच्याच पदरात पडली.

अकरा वाजता पूजा झाली. आवारात शिकणारे जमले होते, सावद्याहून अक्का स्वतः गाडी चालवत आल्या होत्या. आरतीचं ताट माझ्या हातात होतं. आबांनी खिशातून किल्ली काढली, एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि मास्तरांच्या हातात दिली. माझे हात ताटात अडकले होते म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ताट मी खाली ठेवू शकले असते.

मास्तर उजव्या सीटवर बसले. आबा डाव्या. गाडी लिंबावरून पुढे सरकली, लिंबू फुटलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण मी मागच्या काचेतून दिसणाऱ्या सीटकडे बघत होते. आबांच्या चपला तिथे पडल्या होत्या.

दिवाळी गेली. मकाव झालं. वकील येऊन गेले, आबांनी मला काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. डिसेंबरातल्या एका सोमवारी चहाच्या वेळी मास्तरांनी पेपरातल्या तळाच्या दोन ओळी वाचल्या, पेपर घडी केला, म्हणाले, "बठ्ठं आटपनं," म्हणजे सगळं आटोपलं, आणि खोलीत जाऊन वळकटी बांधायला लागले. मला वाटलं दोन दिवस गावी जात असतील. तासाभराने ते नकाशांची कॅरीबॅग हातात घेऊन ऑफिसात आले आणि माझ्या टेबलासमोर उभे राहिले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. जूनमध्ये चौघांना शिकवलं होतं तसं त्यांनी उभ्या उभ्या मला सोपवायला सुरुवात केली. पांढऱ्या गाडीचा दुसरा गिअर थंडीत अडतो. मंगळवारच्या बॅचमधला मुलगा डावीकडे बघतो असं दाखवतो, बघत नाही. आबांना रेल्वे फाटकाजवळ भीती वाटते, तिथे हळू घ्यायची, पण त्यांना हळू घेतली असं कळू द्यायचं नाही.

मग म्हणाले, "दिवाळीले आबासनी माले इचारं, शाळा तू ले. मी नई म्हनं."

"का?"

"मना एकच सीझन ऱ्हास, ताई. एक गाव, एक वरीस. जानेवारीमाच सांगेल व्हतं त्यासले."

म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी वर्षभर जळत होते ती त्यांनी पहिल्याच महिन्यात नको म्हटली होती. हे कळल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. पण त्याच वाक्यात दुसरी गोष्ट होती, की तो माणूस जाणार हे माहीत असूनही आबांनी शाळा आधी त्याला विचारली. वकिलांच्या कागदावर पुढे माझं नाव निघालं, ते त्याने नको म्हटल्यावर.

मी विचारलं, आता कुठे? ते नंदुरबार म्हणाले, तिथल्या एकाने बोलावलंय. दारापर्यंत गेले आणि परत वळले. ती यादी, आबांनी वाचायला दिलेली, तिची एक प्रत मिळेल का? आपल्याला वाचता येतं, पण लिहायला जमत नाही आणि आपण काय करतो ते नंतर आठवतही नाही.

मी कपाटातून प्रत काढून दिली. वरचं 'शाळेच्या शिस्तीबाबत' त्यांनी बोट ठेवून वाचलं आणि मान डोलावली.

याला दोन वर्षं होऊन गेली. आजही आमच्या शाळेत ती यादी मिळते. वरचं नाव मी काढलं, 'वाया' हा शब्द सगळीकडून काढला आणि माझ्या कार्डात काय अपेक्षित होतं तो रकाना काढला. बाकी एक अक्षर बदललं नाही. जानेवारीत वाळू, जूनमध्ये सोपवणं, ऑगस्टमध्ये इंजिन बंद. नव्या शिकणाऱ्यांना वाटतं ही माझी पद्धत आहे. मी त्यांना दुरुस्त करते. दर वेळी करते असं नाही.

मांडी मी घालत नाही. मला जमत नाही. पण चपला काढून मागे टाकते आणि पाय सीटखाली ओढून घेते. पहिले तीन महिने पोटऱ्यांत गोळे यायचे.

गेल्या महिन्यात, एका रविवारी सकाळी आबा स्वेटर घालून माझ्या दारात आले. जानेवारी लागला होता. म्हणाले, "सौदी चालू झालं असेल ना?"

मी शाळेची गाडी काढली. त्यांनी डावं दार उघडलं, बसले. मग वाकून एकेक चप्पल काढली आणि मान न वळवता मागच्या सीटवर टाकली. एक सीटवर पडली, एक खाली. गुडघ्यांमुळे त्यांना मांडी घालता येत नाही, म्हणून मोजे घातलेले दोन्ही पाय त्यांनी पेडलांपासून दूर, दाराच्या बाजूला नेऊन ठेवले.

गिरणेपर्यंत जाताना त्यांनी चार वेळा ब्रेक दाबला. रिक्षा, कुत्रं, फाटक, आणि एकदा रस्त्यावर काहीच नसताना. प्रत्येक वेळी पाय परत दाराकडे नेला आणि बाहेर बघितलं. वाळूत मी गाडी नीट नेली, क्लच न जाळता वळवली आणि काढली. ते म्हणाले, "वाळू चांगली काढलीस." तीस वर्षांत माझ्या चालवण्याला मिळालेलं हे पहिलं कौतुक.

परत येताना एकदाच. पुलाच्या अलीकडे म्हैस आडवी आली होती आणि मला ती उशिरा दिसली होती, त्यामुळे त्या ब्रेकबद्दल माझी तक्रार नाही.

घरी आल्यावर वहीत लिहिलं: जाताना चार, येताना एक. ट्रकमध्ये लागली होती तशी झोप मात्र त्यांना लागली नाही. मी तिरप्या नजरेने दोनदा बघितलं, दोन्ही वेळा डोळे उघडे होते. तेवढं अजून त्या माणसाकडेच आहे.